कांद्याचा जीनोम आपल्यापेक्षा पाचपट मोठा कसा?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं आहे, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज ताटापासून सुरुवात करू. पिठलं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आता या ताटातल्या प्रत्येक गोष्टीचा डीएनए मोजायचा. डीएनएची भाषा चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. सजीवाच्या एका संचात अशी एकूण किती अक्षरं आहेत, तो त्याच्या जीनोमचा आकार.

पिठल्यातला हरभरा साधारण ७४ कोटी अक्षरं. भाकरीतली ज्वारी ७३ कोटी. मिरची जवळजवळ ३५० कोटी. आणि कांदा? सुमारे १६०० कोटी. नंतर भात घेतलात तर तांदूळ बिचारा ४० कोटींवर संपतो. ताटासमोर बसलेले तुम्ही ३१० कोटी. म्हणजे तुम्ही मिरचीपेक्षा थोडे कमी आणि कांद्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. (ठेच्यातला लसूण मी मुद्दाम मोजला नाही. तोही कांद्याच्याच मापाचा आहे, उगाच अपमान वाढवायला नको.)

हे आकडे पहिल्यांदा ऐकल्यावर डोक्यात येतं की कांद्यात असं आहे तरी काय? त्याला धावायचं नाही, बोलायचं नाही, परीक्षा द्यायच्या नाहीत. मग एवढा मजकूर कशाला?

हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडून ७० वर्षांहून जास्त काळ झाला. १९४०च्या दशकाच्या शेवटी असं दिसलं की एकाच प्राण्याच्या यकृताची पेशी घ्या, मूत्रपिंडाची घ्या, डीएनएचं वजन तेवढंच भरतं. आणि शुक्राणूत बरोबर त्याच्या निम्मं. आनुवंशिकतेचा पदार्थ असाच वागायला हवा, म्हणून सगळे खूश झाले. मग वेगवेगळ्या प्राण्यांची वजनं घ्यायला सुरुवात झाली आणि खुशी उतरली. १९५१ मध्ये आल्फ्रेड मिर्स्की आणि हान्स रिस यांनी दाखवलं की अँफियुमा नावाच्या सॅलमँडरच्या पेशीत कोंबडीच्या पेशीच्या ७० पट डीएनए आहे. अँफियुमा म्हणजे पाण्यात राहणारा, ईल माशासारखा दिसणारा, नावापुरते पाय असलेला प्राणी. त्याला कोंबडीच्या ७० पट सूचना लागतात, हे कुणालाच पटेना. १९७१ मध्ये या कोड्याला सी-व्हॅल्यू पॅराडॉक्स असं नाव मिळालं. एका संचातल्या डीएनएच्या प्रमाणाला सी-व्हॅल्यू म्हणतात, म्हणून.

गंमत अशी की नाव मिळालं त्याच्या तीन वर्षं आधीच कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग हाती आला होता. आजच्या भागात मला खरं तर तोच प्रयोग सांगायचा आहे. पण त्याआधी एक फरक मनात पक्का करून घेऊ.

अनेक घरांत रामनाम लिहिण्याची वही असते. बघितली असेल तुम्ही. पानावर चौकटी, प्रत्येक चौकटीत 'श्रीराम', पान संपलं की दुसरं पान, वही संपली की दुसरी वही. आता २०० पानांची अशी एक वही घ्या आणि शेजारी २०० पानांचं पाककृतींचं पुस्तक ठेवा. जाडी सारखी, वजन सारखं. पण फोनवर कुणाला ती वही सांगायची झाली तर एका वाक्यात होईल: 'श्रीराम' लिही, इतके हजार वेळा. पाककृतींचं पुस्तक असं सांगता येणार नाही, ते पूर्ण वाचूनच दाखवावं लागेल. वहीची लांबी मोठी, पण त्यातला वेगवेगळा मजकूर तीन अक्षरांचा. डीएनएच्या शास्त्रात या दुसऱ्या मापाला, म्हणजे न दुहेरता मोजलेल्या मजकुराला, अनुक्रमाची जटिलता म्हणतात, कॉम्प्लेक्सिटी. (वहीची किंमत मजकुरावर ठरत नाही, हे लिहिणाऱ्या आजीला माहीत असतं. आपण इथे फक्त मोजमापाचं बोलतोय.)

जीनोमचं वजन करून तुम्हाला जाडी कळते. ती जपाची वही आहे की पाककृतींचं पुस्तक, हे कळत नाही. ते कळायला वाचावं लागेल. आणि १९६०च्या दशकात डीएनए वाचता येत नव्हता. फ्रेडरिक सँगरची वाचायची पद्धत आली १९७७ मध्ये. मग न वाचता मजकुराचं वैविध्य मोजायचं कसं?

वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोनी यांनी ते करून दाखवलं. त्यांचा गाजलेला लेख १९६८ मध्ये 'सायन्स' मध्ये आला. त्यांची युक्ती समजायला देवळाबाहेर चला.

उत्सवाचा दिवस आहे, देवळाबाहेर हजार जोड चपला आहेत, आणि कुणीतरी व्रात्य पोराने त्या सगळ्या ढवळून ठेवल्यात. तुमच्या डोळ्यांवर पट्टी. एका हाताने एक चपला उचलायची, दुसऱ्याने दुसरी. जोडी जमली तर बाजूला ठेवायची, नाही जमली तर परत ढिगात टाकायची. हजारच्या हजार जोड वेगवेगळे असतील तर संध्याकाळ होईल, रात्र होईल, तुम्ही तिथेच. पण समजा त्यातले ४०० जोड एकाच मापाच्या निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर आहेत. मग कुठलीही डावी निळी कुठल्याही उजव्या निळीशी जमते. निळ्या भराभर संपतील आणि उरलेल्या जोड्यांसाठी तुम्ही रात्रभर चाचपडत बसाल. म्हणजे जोड्या किती वेगाने जमतात एवढंच घड्याळ लावून पाहिलं, तरी ढिगात किती प्रकारच्या चपला आहेत हे कळतं. एकही चपला डोळ्यांनी न बघता!

डीएनएच्या चपला म्हणजे त्याचे दोन धागे. ए समोर टी, जी समोर सी, असे ते एकमेकांना चिकटलेले असतात. ब्रिटन आणि कोनी यांनी डीएनएचे काही शे अक्षरांचे तुकडे केले. ते पाण्यात जवळजवळ उकळीपर्यंत तापवले. धागे सुटे झाले, डावे-उजवे वेगळे. मग तापमान ६० अंशांच्या आसपास आणून ठेवलं आणि वाट बघितली. सुटे धागे पाण्यात भटकतात, एकमेकांवर आपटतात आणि जुळणारा भेटला की जोडी करतात. ठरावीक वेळाने थोडं थोडं द्रावण काढून हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या नळीतून सोडायचं. हे तेच खनिज ज्याची आपली हाडं बनलेली असतात. योग्य क्षारता ठेवली तर ते जुळलेली जोडी धरून ठेवतं आणि एकटा धागा जाऊ देतं. हाडाच्या चाळणीने जोड्या मोजायच्या, इतकं साधं.

जोडी जमायला लागणारा वेळ डीएनए किती दाट आहे यावरही अवलंबून असतो, म्हणून त्यांनी सुरुवातीची दाटी आणि वेळ यांचा गुणाकार केला. त्याच्या इंग्रजी चिन्हांवरून नाव पडलं कॉट. बारावीनंतर बायोटेक घेतलेल्या मंडळींना 'कॉट कर्व्ह' आठवत असेल. बहुतेकांनी तो पाठ केला असेल आणि चपला त्यात कुठे आहेत हे कुणी सांगितलं नसेल.

आधी जिवाणूवर करून बघितलं. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख अक्षरांचा आणि त्यात पुनरावृत्ती जवळजवळ नाहीच. आलेख छान एकसंध आला, एकच घसरण, इंग्रजी एस आडवा ताणल्यासारखी. विषाणूंचे जीनोम लहान, त्यांच्या जोड्या लवकर जमल्या. जेवढा जीनोम मोठा तेवढा वेळ जास्त, सरळ हिशेब. मग वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए घेतला. गाईचा जीनोम ई. कोलायच्या शेकडो पट मोठा, म्हणजे जोड्या जमायला शेकडो पट वेळ लागायला हवा. पण सुमारे ४० टक्के डीएनए ई. कोलायपेक्षाही आधी जुळून मोकळा झाला. मग मध्ये लांबलचक शांतता, जोड्या जमेनात. आणि मग दिवसच्या दिवस गेल्यावर उरलेला भाग हळूहळू जुळला, अगदी अपेक्षेप्रमाणे. जलद भाग आणि संथ भाग यांच्या वेगात फरक किती, तर सुमारे १ लाख पट.

म्हणजे गाईच्या जीनोममध्ये असे तुकडे आहेत ज्यांच्या सरासरी लाखभर प्रती आहेत! उंदरात तर सुमारे १० टक्के डीएनए याहून जलद जुळला. त्या छोट्याशा तुकड्याच्या प्रती निघाल्या १० लाखांच्या घरात. निळ्या स्लिपर सापडल्या होत्या.

मला या प्रयोगातली आणखी एक गोष्ट फार आवडते. जलद जुळलेल्या जोड्या त्यांनी पुन्हा तापवल्या, तर बऱ्याच जोड्या नेहमीपेक्षा कमी तापमानाला सुटल्या. म्हणजे त्या जोड्या तंतोतंत नव्हत्या. डावीचा पट्टा निळा, उजवीचा आकाशी. एके काळी एकाच मूळ तुकड्याच्या प्रती होत्या, पण लाखो वर्षांत प्रत्येक प्रतीत वेगवेगळी अक्षरं बदलत गेली. किती अंश आधी सुटतात यावरून त्या प्रती किती जुन्या आहेत याचा अंदाज येतो. भांडं, पाणी, थर्मामीटर एवढ्यावर लाखो वर्षांचा अंदाज!

बरं, या प्रती येतात कुठून?

काही पुनरावृत्ती एकाला एक लागून असतात, जपाच्या वहीसारख्या. त्यांना सॅटेलाइट डीएनए म्हणतात. उपग्रहाशी त्यांचा संबंध नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये डीएनए फिरवला की मुख्य पट्ट्याशेजारी त्यांचा वेगळा छोटा पट्टा दिसायचा, म्हणून हे नाव. आपल्या गुणसूत्रांच्या कमरेपाशी १७१ अक्षरांचा असाच एक तुकडा हजारो वेळा लागोपाठ येतो.

पण कांद्याला कांदा करणारी पुनरावृत्ती दुसऱ्या जातीची आहे. ती जीनोमभर विखुरलेली असते आणि ती स्वतःच स्वतःच्या प्रती काढते. बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांचा माग काढत जागा बदलणारे डीएनएचे तुकडे शोधले. बराच काळ लोकांनी दुर्लक्ष केलं. १९८३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. या तुकड्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. त्यातले काही 'कट-पेस्ट' करतात, काही 'कॉपी-पेस्ट'. फोनवर आलेला फॉरवर्ड जसा 'दहा जणांना पाठवा' म्हणतो आणि त्याचं दुसरं काहीच म्हणणं नसतं, तसे हे कॉपी-पेस्टवाले. प्रत्येक प्रतीतून पुढच्या प्रती निघू शकतात. मक्याचा जीनोम गेल्या ३० लाख वर्षांत यांच्यामुळे साधारण दुप्पट झाला.

आता ताटातल्या ठेच्याकडे परत जा. मिरची आणि टोमॅटो एकाच कुटुंबातले, चुलत भावंडंच म्हणा. २०१४ मध्ये मिरचीचा जीनोम प्रसिद्ध झाला. तिची जनुकं, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना, सुमारे ३५ हजार. टोमॅटोचीही सुमारे ३५ हजार. पण टोमॅटोचा जीनोम ९० कोटी आणि मिरचीचा त्याच्या जवळजवळ चौपट. पाककृती तेवढ्याच, मध्ये जपाची पानं घातलेली. कांद्याचंही तसंच, बहुतेक पानं कॉपी-पेस्टवाल्यांची. आणि आपलं? आपली प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास. ३१० कोटींपैकी प्रत्यक्ष प्रथिनांची अक्षरं दीडेक टक्का. उलट ट्रान्सपोझॉन आणि त्यांचे अवशेष ४५ टक्क्यांच्या आसपास. त्यात आलू नावाचा एक ३०० अक्षरांचा तुकडा आहे (बटाट्याशी संबंध नाही), त्याच्याच १० लाखांहून जास्त प्रती आपल्या प्रत्येक संचात बसल्या आहेत.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण साताऱ्याच्या कास पठारावर ज्यांनी फोटो काढलेत त्यांच्या गॅलरीत जवळपास असेल. ती निळी-जांभळी इवली फुलं, सीतेची आसवं, ही कीटकभक्षी वनस्पती आहे, युट्रिक्युलारिया. तिचीच पाण्यात राहणारी, पिवळ्या फुलांची बहीण युट्रिक्युलारिया गिब्बा. तिचा जीनोम २०१३ मध्ये वाचला गेला. आकार अवघा ८ कोटींच्या आसपास, आणि जनुकं साधारण २८ हजार, आपल्याहून जास्त. तिने जवळजवळ सगळी जपाची पानं फाडून टाकलीत आणि मजेत कीटक खाते आहे. दुसऱ्या टोकाला न्यू कॅलेडोनियातलं एक छोटंसं नेचं, त्मेसिप्टेरिस. २०२४ मध्ये त्याचा आकार मोजला गेला: १६ हजार कोटी अक्षरं. त्याच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर १०० मीटरहून लांब भरतो. आपला २ मीटर.

इथे तुम्ही विचारणार की मग हे सगळं फालतू आहे का? हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि मी त्यात एका बाजूला थोडा झुकलेला आहे, ते आधीच सांगतो.

१९७२ मध्ये सुसुमु ओनो यांनी 'जंक डीएनए' हा शब्द चालवला. मराठीत आपण त्याचं भाषांतर 'कचरा' करतो आणि तिथेच घोळ होतो. सिडनी ब्रेनर म्हणायचे की कचरा आपण फेकतो, जंक आपण ठेवतो. त्यासाठी मराठीत इतका छान शब्द असताना कचरा कशाला? अडगळ! माळ्यावरची अडगळ. कामाची नाही, पण त्रासही देत नाही, म्हणून पडून आहे. आणि कधीतरी त्यातलीच एखादी वस्तू खाली काढून वापरता येते. हे खरंच घडलंय. फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या जीनोममध्ये घुसलेल्या एका विषाणूचं जनुक आज गर्भवतीच्या वारेत काम करतं, पेशी एकमेकींत मिसळायला मदत करतं. सिन्सिटिन त्याचं नाव. तुम्ही-मी जन्मलो त्यात त्या अडगळीचा वाटा आहे.

पण माळ्यावरची एक वस्तू कामाला आली म्हणून अख्खा माळाच उपयोगी, असं होत नाही. २०१२ मध्ये एन्कोड या मोठ्या प्रकल्पाने जाहीर केलं की मानवी जीनोमच्या ८० टक्के भागाला काहीतरी कार्य आहे. बातम्या आल्या, जंक डीएनए संपला! त्यांची 'कार्य' शब्दाची व्याख्या मात्र फार सैल होती. तिथून आरएनए निघतो किंवा एखादं प्रथिन येऊन चिकटतं, एवढं पुरे. एसटी स्टँडवर उभा असलेला प्रत्येक माणूस एसटीचा कर्मचारी म्हणण्यासारखं झालं हे. दोन वर्षांनी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब केला. ज्या भागातले बदल उत्क्रांती खपवून घेत नाही, तोच भाग मोजला, आणि आकडा आला सुमारे ८.२ टक्के.

आणि कांदा? टी. रायन ग्रेगरी या जीवशास्त्रज्ञांनी तर 'कांद्याची परीक्षा' असंच नाव देऊन ठेवलंय. सगळ्या डीएनएला काम आहे असं सांगणारा तुमचा जो काही सिद्धांत असेल, तो आधी कांद्याला लावून बघा. कांद्याला आपल्या पाचपट कामाचा डीएनए का लागतो, हे त्यातून निघायला हवं. निघालं तर पुढचा पेपर: कांद्याच्याच वंशातल्या दोन जातींच्या जीनोममध्ये साडेचार पटींचा फरक आहे. दोन्ही दिसायला कांद्याच्याच नात्यातल्या. मग त्यातली एक साडेचार पट जास्त काय करते? या परीक्षेत पास झालेला सिद्धांत माझ्या पाहण्यात नाही.

आता हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतोय? कारण मधल्या काळात एका श्रोत्या मैत्रिणीने मला एक रील पाठवली. 'तुमचा ९८ टक्के डीएनए झोपलेला आहे, तो जागा करा.' खाली ऑनलाइन सेशनची फी. तिचा प्रश्न होता, आईला बरं वाटावं म्हणून पैसे भरू का? आईचा आजार काय हे इथे सांगत नाही. पण असल्या रील्स तुमच्याही फोनवर येत असतील म्हणून सांगतो, झोपलेला डीएनए जागा झाला तर काय होतं याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे १९८८ पासून आहे.

अमेरिकेत हेग कझाझियन आणि सहकारी हिमोफिलियाच्या २४० रुग्णांचा डीएनए तपासत होते. हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार. त्यातल्या दोन मुलांच्या घरात आधी हा आजार नव्हता. बघतात तर रक्त गोठवणाऱ्या जनुकाच्या मधोमध एल-वन नावाच्या कॉपी-पेस्टवाल्या तुकड्याची नवी प्रत येऊन बसलेली. पाककृतीच्या मध्येच कुणीतरी 'दहा जणांना पाठवा' छापलं. हा झाला जागा झालेला डीएनए. आपल्या पेशी तर या तुकड्यांवर रासायनिक खुणा करून त्यांना गप्प ठेवण्यासाठी सतत राबत असतात. त्यांना झोपूच द्या. मैत्रिणीने पैसे भरले नाहीत.

अडगळीचं वजन मात्र जीवाला जाणवतं, कामाची असो वा नसो. जीनोम मोठा असला की पेशी मोठी होते आणि विभागायला वेळ जास्त घेते. त्या अँफियुमाच्या तांबड्या पेशी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधल्या सर्वात मोठ्यांपैकी आहेत. आणि याचा पुरावा तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः बघितलाय! कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोकच का देतात? ते लाल रंगात बुडवायचं, काचपट्टीखाली अंगठ्याने दाबायचं आणि विभागणाऱ्या पेशी शोधायच्या. मुळं सहज फुटतात हे खरंच, पण मुख्य कारण त्याची १६ गुणसूत्रं दणदणीत दिसतात. १६०० कोटी अक्षरं भरलेली आहेत त्यांच्यात, दुहेरी संचात त्याच्या दुप्पट. भाताची गुणसूत्रं २४ असूनही त्यांचे फक्त ठिपके दिसतात. अडगळ नसती तर शाळा-कॉलेजांत पेशीविभाजन दाखवणं अवघड झालं असतं.

जीनोम वाचणाऱ्यांना तर पुनरावृत्तीने फार छळलं. जीनोम वाचतात ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि मग सांधे जुळवतात. जपाच्या वहीची फाटलेली पानं क्रमाने लावून दाखवा बघू. २००३ मध्ये मानवी जीनोम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं तेव्हा सुमारे ८ टक्के भाग रिकामाच होता. लांबलांब तुकडे एका दमात वाचणारी यंत्रं आली आणि २०२२ मध्ये ती पोकळी भरली. सुमारे २० कोटी नवी अक्षरं मिळाली, बहुतेक पुनरावृत्तीच.

शेवटी एका सापाची गोष्ट. पट्टेरी मण्यार, अंगावर काळे-पिवळे पट्टे, आपल्याकडे विदर्भाच्या बाजूला आढळते. बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर पीएचडी केलेले लालजी सिंह १९७०च्या दशकात एडिंबराला गेले आणि त्यांनी या सापाच्या मादीतला सॅटेलाइट डीएनए वेगळा काढला. त्यातला मुख्य मजकूर निघाला चार अक्षरांचा: जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए. शुद्ध जप. पुढे कळलं की हाच जप इतर प्राण्यांत आणि माणसातही ठिकठिकाणी आहे.

आता डीएनएची नक्कल होताना अशा जागी पेशी मोजायला चुकते. सारखं तेच तेच लिहिताना आपण एखादी चौकट जास्त भरतो किंवा सोडतो, तसंच. काही जनुकांत ही चूक जीवघेणी ठरते. हंटिंग्टनच्या आजारात सी-ए-जी ही तीन अक्षरं ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतोच. पण बहुतेक ठिकाणी एखादा जप कमी-जास्त झाल्याने काहीच बिघडत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या ते आकडे बदलत राहिले आणि प्रत्येक माणसाचा आकड्यांचा संच वेगळा झाला. इंग्लंडमध्ये लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांच्या हे १९८४ मध्ये लक्षात आलं. लालजी सिंह पुढे हैदराबादच्या सीसीएमबीत आले. तिथे त्यांनी मण्यारीच्या त्या तुकड्यावरून भारतीय बनावटीची डीएनए फिंगरप्रिंटिंगची पद्धत उभी केली. १९८०च्या दशकाच्या शेवटी केरळमधल्या एका खटल्यात, मुलाचा बाप कोण या प्रश्नावर, ती वापरली गेली. भारतीय न्यायालयात डीएनए पुराव्याचं ते पहिलं प्रकरण मानलं जातं.

आज पद्धत बदलली आहे, साप मागे पडला. पण पितृत्वाच्या चाचणीचा किंवा अपघातानंतर ओळख पटवण्याचा रिपोर्ट कधी बघितलात, तर त्यात प्रत्येक जागेपुढे दोन आकडे दिसतील, समजा १२ आणि १५. कुठलंही जनुक नाही, कुठलाही गुण नाही. चार अक्षरांचा तो जप एका पालकाकडून १२ वेळा आलाय आणि दुसऱ्याकडून १५ वेळा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

आजच्यासाठी इतकंच. कांद्याच्या मुळाची स्लाइड कुणाकडे असेल तर फोटो पाठवा, चांगले फोटो पुढच्या भागाच्या मजकुरासोबत लावू.